डोळे मागे वळतात, तर वळू देत

वाचकाचं पत्र

ताई, मी मूळची हिंगोली जिल्ह्यातली, वय चोवीस. दोन वर्षांपासून पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतेय. सामान्य अध्ययनात मार्क बरे पडतात, पण सीसॅटच्या, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या दुसऱ्या पेपरच्या, उताऱ्यांना वेळ पुरत नाही. टेस्ट सिरीजमध्ये दर वेळी शेवटचे तीन-चार उतारे तसेच राहतात. वाचताना डोळे सारखे मागे जातात आणि मनात शब्द ऐकू येत राहतात. अभ्यासिकेतल्या मैत्रिणीने स्पीड रीडिंगचा एक ऑनलाइन कोर्स दाखवला. त्यात डोळ्यांच्या स्नायूंचे व्यायाम, चौकोनात विखुरलेले आकडे क्रमाने शोधणं, ओळीवरून पेन पळवणं असं शिकवतात आणि सहा आठवड्यांत मिनिटाला हजार शब्दांची हमी देतात. फी अठरा हजार. बाबांकडे मागायला जीव होत नाही, पण वाटतं की वेग वाढला तर सगळं सुटेल. गंमत म्हणजे कादंबरी हातात आली की मी एका बैठकीत संपवते. मग परीक्षेतच डोळे असे का वागतात? आणि जाता जाता विचारते, माझा धाकटा भाऊ तिसरीत आहे, ओळीखाली बोट ठेवून वाचतो. ते बोट सोडवावं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर

अठरा हजार रुपये भरू नकोस. हे सगळ्यात आधी सांगते, कारण 'सवलतीचे शेवटचे दोन दिवस' असा मेसेज तुला एव्हाना आला असेल आणि तू घरी फोन लावायच्या बेतात असशील. कारणं आता सविस्तर लिहिते. तू अभ्यास करणारी मुलगी आहेस, नुसतं 'नको' म्हटल्याने तुझं समाधान व्हायचं नाही आणि होऊही नये.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तू 'गंमत म्हणजे' म्हणून उरकून टाकली आहेस. कादंबरी एका बैठकीत संपते. म्हणजे शेकडो पानं डोळे बिनतक्रार पळतात. परीक्षेलाही तेच डोळे, तेच स्नायू. ते फक्त उताऱ्यावर अडखळत असतील, तर दोष त्यांच्या हालचालीत शोधण्यात अर्थ नाही. तो उतारा तुला किती ओळखीचा आहे, हे बघायला हवं. कोर्स विकणारे म्हणतात, डोळे पळवा, डोकं मागोमाग येईल. मी अध्यापक विद्यालयात भावी शिक्षकांना वाचन कसं शिकवायचं ते शिकवत आले आहे, आणि या विषयावरचं शंभराहून अधिक वर्षांचं संशोधन नेमकं उलटं सांगतं. डोकं ठरवतं, डोळे त्याच्या मागून जातात.

आधी डोळे वाचताना काय करतात ते स्वतः बघ, म्हणजे कोर्सचं माहितीपत्रक तुझं तुलाच तपासता येईल. मैत्रिणीला समोर बसव, पुस्तक छातीच्या उंचीवर धरून मनात वाचायला सांग आणि तू पुस्तकाच्या वरून तिच्या बुबुळांकडे बघत राहा. ती ओळीवरून सरकत जात नाहीत. थांबतात, उडी मारतात, पुन्हा थांबतात, आणि ओळ संपली की एक लांब झेप घेऊन डावीकडे येतात. वाचणाऱ्याला मात्र आपली नजर अखंड चाललीय असंच वाटतं. हे नीट टिपलं गेलं ते 1870च्या दशकाच्या शेवटी, पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत. पुढे अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी बधिर केलेल्या डोळ्यावर प्लास्टरची इवलीशी वाटी बसवली, तिला हलकी काडी जोडली आणि डोळ्याच्या उड्या काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर उमटवून घेतल्या. त्यांचं वाचनावरचं पुस्तक 1908 साली आलं आणि आजही ते अभ्यासलं जातं. आता हेच काम कॅमेरे करतात.

इंग्रजी वाचणाऱ्या सरावलेल्या प्रौढांच्या नोंदी अशा आहेत: एक थांबा सरासरी 200 ते 250 मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाव भाग. उडी 20 ते 35 मिलिसेकंदांची आणि सात ते नऊ अक्षरांची. उडी चालू असताना डोळ्यांना मजकुरातलं नवं काही मिळत नाही. मजकूर आत येतो तो फक्त थांब्यांवर. आणि तिथेही थोडाच येतो, कारण डोळ्याच्या पडद्यावर खरी तीक्ष्ण नजर असते ती मधल्या एका बारीकशा भागात. या ओळीतल्या एका शब्दावर नजर खिळव आणि ती न हलवता उजवीकडचा चौथा शब्द वाचून बघ. तिथे शब्द आहे हे कळेल, शिरोरेषा किती लांब आहे तेही कळेल, अक्षरं कळणार नाहीत.

ही मर्यादा मोजली ती जॉर्ज मॅकॉन्की आणि कीथ रेनर यांनी, 1975 पासूनच्या प्रयोगांत. वाचकाची नजर संगणकाच्या पडद्यावर जिथे असेल तिथलाच मजकूर खरा ठेवायचा, भोवतालची अक्षरं बदलून टाकायची आणि नजर हलली की ही खिडकीही तिच्याबरोबर हलवायची. खिडकी लहानमोठी करत गेल्यावर दिसलं की इंग्रजी वाचकाला डावीकडची तीन-चार आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरं उपयोगाची असतात. त्यातही शब्द ओळखू येतो तो उजवीकडे सात-आठ अक्षरांच्या आतला. त्यापलीकडे पुढचा शब्द किती लांब आहे आणि उडी कुठे टाकायची, एवढाच अंदाज. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तर तिथे हीच खिडकी डावीकडे झुकलेली सापडली, आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसात ती भाषेबरोबर बाजू बदलते. म्हणजे कोणत्या बाजूचं किती टिपायचं हेसुद्धा लक्ष ठरवतं, बुबुळाचा स्नायू नाही.

आता हिशोब कर. सेकंदाला चार थांबे, मिनिटाला 240. प्रत्येक थांब्यावर साधारण एक शब्द आणि पुढच्याची चाहूल. बारके शब्द डोळे न थांबता ओलांडतात, लांब किंवा अनोळखी शब्दावर दोनदा थांबतात, मधूनच मागे जातात. जमाखर्च मांडला तर आकडा 240च्या आसपासच येतो. मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये 190 अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तर इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचण्याची सरासरी निघाली मिनिटाला 238 शब्द. हजार शब्द वाचायचे तर प्रत्येक थांब्यावर चारहून अधिक शब्द उचलावे लागतील, आणि चौथा शब्द किती दिसतो ते तू आत्ताच पाहिलंस. व्यायामाने डोळ्याच्या पडद्याची रचना बदलत नाही. आणि डोळे हलवणारे स्नायू मुळातच शरीरातल्या सगळ्यात चपळ स्नायूंपैकी आहेत. त्यांना वेग कमी पडत नाही. आकड्यांच्या चौकोनांचा सराव केलास तर आकडे भराभर शोधता येतील, एवढंच.

मग त्या पाव सेकंदात डोळा थांबतो कशासाठी? मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारा प्रयोग इथेच आहे. रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये असं केलं की वाचकाची नजर एखाद्या शब्दावर पडली की 60 मिलिसेकंदांनी तो शब्द पडद्यावरून गायबच व्हायचा. तरी वाचन जवळपास नेहमीसारखं चाललं. त्याहून विशेष म्हणजे शब्द क्वचित भेटणारा असेल, तर तो गायब झाल्यावरही डोळा त्या रिकाम्या जागेवर जास्त वेळ थांबून राहायचा. बघण्यासारखं तिथे काही उरलेलं नव्हतं. शब्दाचा अर्थ लागेपर्यंत डोकं डोळ्याला पुढे सोडत नव्हतं. वेग कुठे ठरतो ते या एका प्रयोगातून कळावं. ओळखीचा शब्द पटकन सुटतो, अनोळखी शब्द डोळ्याला धरून ठेवतो. डोळा पेनाने पुढे ढकलला म्हणून अर्थ लवकर लागत नाही, घड्याळाचे काटे बोटाने फिरवले म्हणून दिवस लवकर मावळत नाही तसंच.

आता तुझी मुख्य तक्रार, डोळे मागे जातात ही. ते सगळ्यांचेच जातात. उत्तम वाचकांच्याही उड्यांपैकी 10 ते 15 टक्के उड्या मागच्या दिशेने असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळांना हा दोष वाटायचा आणि तो घालवण्यासाठी यंत्रं निघाली, ओळी झाकत नेणारी, शब्द ठरलेल्या वेगाने पुढे सरकवणारी. मिनेसोटा विद्यापीठातले माइल्स टिंकर यांनी या सगळ्या प्रशिक्षणाचा आढावा घेऊन 1946 आणि पुन्हा 1958 मध्ये लिहिलं की डोळ्यांच्या हालचाली हे वाचन कसं चाललंय याचं लक्षण आहे, कारण नव्हे. नुसत्या हालचाली सुधारून वाचन सुधारत नाही. तेव्हा ती यंत्रं होती, आता मोबाईलची ॲप आहेत. दावा तोच आहे.

आणि मागे जाणं बंदच केलं तर? एलिझाबेथ शॉटर, रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये तेही करून पाहिलं. नजर शब्द ओलांडून पुढे गेली की मागच्या शब्दाच्या जागी नुसत्या फुल्या. परतून जायला काही शिल्लकच नाही. वाचकांची समज घसरली, आणि फसव्या रचनेच्या वाक्यांतच नाही तर साध्या वाक्यांतही.

तुझ्या परीक्षेसाठी याचा अर्थ फार थेट आहे. ही ओळ वाच: 'समितीने सुचवलेल्या, परंतु राज्यांनी अद्याप न स्वीकारलेल्या तरतुदींचा पुनर्विचार करण्याची गरज नाही, असे म्हणता येणार नाही.' डोळे मागे गेले ना? जायलाच हवेत. मराठीत क्रियापद शेवटी येतं, 'नाही' त्याच्याही शेवटी येतो, आणि एकावर एक दोन 'नाही' आले की आधीचं सगळं वाक्य उलगडून पुन्हा बसवावं लागतं. 'खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही' हा प्रश्न तू किती वेळा पाहिला असशील. तिथे डोळ्यांना मागे फिरायची बंदी घातलीस तर वेळ वाचेल आणि मार्क जातील, शिवाय चुकीच्या उत्तराचे कापलेही जातील. मला या कोर्सांचा राग येतो तो इथेच. समजून घेण्यासाठी धडपडणाऱ्या मुलांना ते सांगतात की तुमची धडपड हीच तुमची वाईट सवय आहे.

मनातल्या आवाजाचंही तेच. वाचताना शब्द आतल्या आत ऐकू येणं ही कमजोरी नाही. 1980च्या एका प्रयोगात वाचकांना वाचता वाचता तोंडाने 'कोलाकोला' म्हणत राहायला लावलं होतं, म्हणजे आतला आवाज दबला जावा. त्यांना एकेका वाक्याचे अर्थ जोडून पुढचा निष्कर्ष काढणं जड गेलं, आणि उताऱ्यांवरचे प्रश्न नेमकं हेच मागतात. आवाज येऊ दे.

पण वेगाने वाचणारी माणसं असतातच की, असं तुझी मैत्रीण म्हणेल. या धंद्याची सुरुवात झाली अमेरिकेत, युटातल्या शिक्षिका एव्हलिन वुड यांच्यापासून. 1959 मध्ये त्यांनी आपली पद्धत बाजारात आणली, पुढे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीसुद्धा हा कोर्स केला. असा कोर्स केलेल्या लोकांची चाचणी कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कारपेंटर यांनी घेतली. ते मिनिटाला सुमारे 700 शब्दांनी वाचत होते, नेहमीचे वाचक 250ने. सोप्या मजकुराचा ढोबळ आशय त्यांना सांगता आला. बारीक तपशील आणि अवघड मजकूर आला की ते नेहमीच्या वाचकांच्या मागे पडले. डोळ्यांच्या नोंदीत कारणही दिसलं. जिथे त्यांची नजर थांबलीच नव्हती, तिथलं त्यांना सांगता येत नव्हतं. कोर्स न करता नुसतं 'चाळा' असं सांगितलेल्या लोकांची कामगिरीही बरीचशी अशीच होती. म्हणजे हे चाळणं आहे. चाळणं वाईट नाही, ते कुठे वापरायचं ते पुढे सांगते. पण त्यासाठी अठरा हजार लागत नाहीत.

आणखी एक. मिनिटाला अमुक शब्द हा आकडा मराठीसाठी लावूच नकोस. 'विद्यार्थ्यांसाठीच्या' हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याला तीन-चार शब्द लागतील. 2012 मध्ये सतरा भाषांत एकच मजकूर मोठ्याने वाचून घेतला गेला, तेव्हा इंग्रजीचा सरासरी वेग निघाला मिनिटाला 228 शब्द आणि प्रत्ययांनी लांबलेल्या शब्दांच्या फिनिश भाषेचा 161. फिनिश लोक मंद वाचतात म्हणून नव्हे, त्यांच्या एका शब्दात जास्त ऐवज असतो म्हणून. तेव्हा कुणी तुझा मराठी उतारा मोजून 'तू सरासरीच्या खाली आहेस' म्हणालं असेल, तर ते मनावर घेऊ नकोस.

मग करायचं काय? पहिल्यांदा निदान. टेस्ट सिरीजमधले राहून गेलेले जुने उतारे काढ आणि घड्याळ न लावता सोडव. वेळेची काळजी न करता उत्तरं बरोबर येत असतील, तर समज पक्की आहे, ओळख कमी आहे. घड्याळ नसतानाही चुकत असतील, तर वेगाचा विचार सध्या बाजूलाच ठेव, आधी समजेवर काम कर. हे दोन वेगळे आजार आहेत आणि तुझी तयारी कुठल्या बाजूला वळवायची ते यावर ठरेल. सोडवताना हातात पेन्सिल ठेव आणि डोळे जिथे जिथे मागे गेले तिथे समासात टिंब दे. मागे जाणं आता तुझ्या कामी येऊ दे. आठ-दहा उतारे झाले की टिंबं कुठे दाटतात ते दिसेल. माझा अंदाज आहे की ती 'उत्तरदायित्व', 'विकेंद्रीकरण', 'परिसंस्था', 'अधिनियम' अशा शब्दांशी आणि तीन-तीन उपवाक्यांच्या लांब वाक्यांशी दाटतील. कादंबरीत यातलं काही भेटत नाही. तिथे माणसं बोलतात, आणि त्यांची भाषा तू जन्मापासून ऐकत आली आहेस.

उपाय त्याच दिशेचा. ज्या जातीचे उतारे अडवतात त्याच जातीचा मजकूर रोज वाच. घाईने नाही, समजून. मराठी विश्वकोश हे यासाठी मी सगळ्यात वर ठेवते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईत उभा राहिलेला हा ग्रंथ आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. अर्थशास्त्र, परिसर, तत्त्वज्ञान, शासनव्यवस्था यांतली रोज एक नोंद घे. भाषा आटीव असते, सुरुवातीला पान जड जाईल. तीच नोंद दुसऱ्या दिवशी परत वाच. दुसऱ्या वाचनात डोळे कसे सुटतात ते तुला जाणवेल, आणि ते सुटलेले शब्द पुढच्या अनोळखी उताऱ्यात भेटले की तिथेही सुटतील. एकच मजकूर पुन्हा पुन्हा वाचून सफाई आणण्याची ही रीत संशोधक एस. जे सॅम्युअल्स यांनी 1979 मध्ये अडखळत वाचणाऱ्या मुलांसाठी मांडली होती. अनोळखी भाषाशैलीशी झगडणारा मोठा वाचकही त्या घडीला तसाच अडखळत असतो. जोडीला 'योजना' आणि 'लोकराज्य'चे अंक, आणि वर्तमानपत्रातला अग्रलेख. इंग्रजी उतारे अडवत असतील तर इंग्रजीचंही हेच, फक्त रोज थोडं. याला सहा आठवड्यांची हमी मी देणार नाही. महिने लागतील, पण जे येईल ते टिकेल, आणि सामान्य अध्ययनाचा अभ्यासही त्यातच होईल.

परीक्षेच्या खोलीतलं तंत्र वेगळं. पेपरात 80 प्रश्न आणि दोन तास. सगळे उतारे सोडवलेच पाहिजेत असा नियम नाही. पहिल्यांदा प्रश्न वाच, मग उताऱ्याची सुरुवात आणि शेवट नजरेखालून घाल, आणि तो घ्यायचा की सोडायचा ते ठरव. चाळण्याची जागा ही. घेतलास की मात्र चाळणं बंद, नीट वाच, मागे जायचं तिथे जा. ज्या विषयाची ओळख आहे त्याचे उतारे आधी घे, कारण तिथे तुझे डोळे आपोआप जलद चालतील. दुसरं, जे उतारे दोन्ही भाषांत छापलेले असतात तिथे एकच भाषा धर. मुलं दोन्हीकडे उड्या मारतात आणि दुप्पट वाचतात. मराठी अनुवाद एखाद्या ठिकाणी लागतच नसेल तर तेवढं वाक्य इंग्रजीत बघ आणि परत ये.

डोळ्यांबद्दल एक गोष्ट गंभीरपणे. व्यायामाचा कोर्स नको म्हटलं, तरी तपासणी नको असं नाही. अर्ध्या तासाच्या वाचनानंतर डोकं दुखतं का, अक्षरं पुसट किंवा दोन-दोन दिसतात का, एक डोळा मिटून वाचावंसं वाटतं का, ओळ हरवते का? यातलं काही होत असेल तर ससूनच्या नेत्र विभागात किंवा कुठल्याही चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि 'जवळचं बघताना त्रास होतो' असं स्पष्ट सांग. लांबचा नंबर नसला तरी जवळ बघताना ताण येऊ शकतो, आणि काहींचे दोन्ही डोळे जवळ बघताना आत नीट वळत नाहीत. या दुसऱ्या त्रासावर तज्ज्ञांच्या देखरेखीखालची उपचारपद्धती आहे आणि तिने मुलांची लक्षणं कमी होतात, हे अमेरिकेतल्या 2008च्या मोठ्या चाचणीत दिसलं. पण 2019 मध्ये तिथेच 311 मुलांवर तपासलं की त्या उपचाराने वाचनाची समज वाढते का, तेव्हा खऱ्या आणि लुटुपुटीच्या उपचारात फरक आढळला नाही. म्हणजे त्रास असेल तर उपचार घे, वाचताना बरं वाटेल. वेगाचं काम तरीही शब्द आणि विषय यांच्या ओळखीनेच होईल.

राहिला भाऊ. त्याचं बोट सोडवू नकोस. तिसरीतल्या मुलाला ओळ धरून ठेवायला बोटाची मदत होते, विशेषतः ओळीच्या शेवटून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला उडी टाकताना. देवनागरीत त्याला कामही जास्त आहे: काने बाजूला, मात्रे वर, उकार खाली, जोडाक्षरं, आणि पहिली वेलांटी तर आधी लिहायची आणि व्यंजनानंतर उच्चारायची. वेलांटीच्या अशा शब्दांना हिंदी वाचणाऱ्या मोठ्यांनाही किंचित जास्त वेळ लागतो, हे 2002च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. पहिलीतली मुलं एकेका शब्दावर दोन-दोनदा थांबतात आणि त्यांच्या साधारण चारातली एक उडी मागे असते. गाय बझवेल यांनी 1922 मध्येच शिकागोत वेगवेगळ्या इयत्तांची मुलं तपासून दाखवलं की वर्ष जाईल तसे थांबे कमी आणि आखूड होत जातात. डोळे कसे हलवायचे हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. वाचता वाचता शब्द ओळखीचे होत गेले. तुझ्या भावाचंही बोट एक दिवस आपोआप मागे राहील. तोवर सुट्टीत घरी गेलीस की एक पान त्याने आणि एक पान तू, असं मोठ्याने वाचा.

लक्ष ठेवायचं ते बोटाकडे नाही, अक्षरांकडे. तिसरीचं वर्ष संपत आलं तरी रोजची साधी अक्षरं आणि जोडाक्षरं गोंधळत असतील, ऐकलेली गोष्ट छान सांगतो पण तीच वाचता येत नाही असं असेल, तर वर्गशिक्षकांशी बोल आणि अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घ्यायला आईबाबांना सांग. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे, म्हणजे त्याची पारख इंग्रजीवरून व्हायचं कारण नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणीचा समावेश आहे, त्यामुळे निदान झालं तर शाळेकडून सवलती मागण्याचा त्याला हक्क आहे. त्या तपासणीआधी कुणी त्याच्यासाठी डोळ्यांच्या व्यायामाचं पॅकेज सुचवलं, तर त्यांनाही तेच उत्तर दे जे आज तुझ्या कोर्सवाल्यांना देणार आहेस.